भूतानचं सामान

मला 'खालचे' हे नाव साहेबांनी दिलं. पुंडलिकनगरात त्यांच्या घराच्या खालच्या दोन खोल्यांत मी बायकोसह भाड्यानं राहायचो, म्हणून खालचे. ते आणि काकू वर राहायचे. इथवर ठीक होतं. पण चितेगावच्या ज्या कारखान्यात मी कामाला होतो, तिथल्या डिस्पॅच खात्याचे ते प्रमुख होते, आणि तिथंही ते भर खात्यात "खालचे, इकडं या" अशी हाक मारायचे. नवीन लागलेल्या माणसांना वाटायचं, हा हुद्दाच आहे. एकानं तर मला विचारलं होतं, की खालचे व्हायला किती वर्षं लागतात.

डिस्पॅच म्हणजे तयार झालेला माल खोक्यांत भरून, बांधून, गाडीवर चढवून देणारं खातं. तीस वर्षं तेच केल्यावर साहेबांच्या डोक्यात जगाचे दोन भाग झाले होते: नीट बांधलेलं आणि निष्काळजी. बुशशर्टच्या खिशात मोजपट्टी, कानावर जाड मार्कर. कुणाच्या घरी जेवायला गेले तरी आधी डब्यांची झाकणं दाबून बघायचे. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा माझी बायको चहा टाकत होती आणि साहेब तिच्या मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या काढून, पुसून, उंचीप्रमाणं परत लावत होते. जाताना म्हणाले, "मोहरीला हळदीशेजारी ठेवू नका. हळद हलते."

त्यांचे वडील निजामाच्या काळात तहसील कचेरीत नक्कलनवीस होते. पोलीस ॲक्शन झाली, कारभार बदलला, उर्दू गेली. पण साहेबांच्या बोलण्यात बंदोबस्त, तजवीज, दरखास्त तशीच राहिली. आणि राहिला वडिलांचा एक नियम, जो ते दिवसातून एकदा तरी आम्हाला ऐकवायचे: "अस्सल घरी, नक्कल बरोबर." मूळ कागद कधी घराबाहेर न्यायचा नाही. बाहेर फिरायची ती नक्कल. त्यांच्या गोदरेजसारख्या दिसणाऱ्या पण आमच्याच कारखान्याच्या पत्र्यातून बनवलेल्या कपाटात घरातला प्रत्येक अस्सल कागद होता, आणि चावी त्यांच्या कमरेच्या पाकिटात.

एकदा आम्ही पुण्याच्या एका कंपनीला बारा खोकी पाठवली. बांधणी साहेबांनी जातीनं उभं राहून करून घेतली होती. आठवड्यानं पुण्याहून पत्र आलं: 'माल मिळाला असावा असं वाटतं. खोकी उघडत नाहीत.' साहेबांनी ते पत्र शाबासकी म्हणून फायलीला लावलं आणि मला पकड, कटर आणि पहार देऊन पुण्याला पाठवलं. दोन दिवस मी ती खोकी फोडत होतो. शेवटी तिथला एक सुपरवायझर कंटाळून म्हणाला, "तुम्ही ह्यात माल ठेवलाय का पुरलाय?" परत आल्यावर मी हे सांगितलं, तर साहेबांचा चेहरा फुलला. "बघा," ते म्हणाले, "जाणकार माणसाच्या लक्षात येतं."

अशा माणसानं प्रवासाला निघायचं ठरवलं की काय होतं, ते काकू एकतीस वर्षं बघत होत्या. महाबळेश्वर ठरलं होतं, तेव्हा होल्डॉलचा पट्टा मनासारखा मिळाला नाही. काश्मीर ठरलं, तेव्हा यादी पुरी होण्याआधी रजा संपली. काकू कन्नडकडच्या शेतकरी घरातल्या. बोलणं रोखठोक, पण साहेबांसमोर बहुतेक वेळा एकच शब्द: "व्हय." त्या 'व्हय'मध्ये होकार किती आणि कंटाळा किती, हे मला फार उशिरा कळलं.

भूतान निघालं ते पेपरच्या पुरवणीतून. तिथलं सरकार लोकांचा आनंद मोजतं, असं त्यात छापलं होतं. साहेब पेपर घेऊन जिना उतरून आमच्याकडं आले.

"खालचे, मोजतात! आनंद मोजतात! म्हणजे एकक ठरवलं असणार. हा देश बघायला पाहिजे."

मागोमाग काकू आल्या. "मोजू द्या, न्हाय तर तोलू द्या," त्या म्हणाल्या. "तुमी आधी तिकिटं काढा."

शहरातल्या एका सहल काढणाऱ्या गृहस्थाकडं चौदा जणांचा गट जमत होता. साहेबांनी चार नावं घातली. चौघांतले दोन आम्ही होतो, हे आम्हाला नंतर कळलं. सहल मे महिन्यात होती. साहेबांनी सामान बांधायला जानेवारीत सुरुवात केली.

वरच्या मजल्यावरचा दिवाण रिकामा झाला. भिंतीला तीन याद्या लागल्या: अत्यावश्यक, आवश्यक आणि संभाव्य. पहिल्या दोन एकेका पानाच्या होत्या, संभाव्य दारामागून स्वयंपाकघरापर्यंत गेली होती. संभाव्यमध्ये नळाचे वॉशर होते, कारण लॉजचे नळ गळतात. पंधरा मीटर नायलॉनची दोरी. दाराखाली लावायची लाकडी पाचर. कुलपं अकरा. दोन शिट्ट्या, एक साहेबांची आणि एक काकूंची. धुक्यात चुकामूक झाली तर एक शिट्टी म्हणजे 'मी इथं आहे' आणि दोन म्हणजे 'तू कुठं आहेस'. काकूंनी विचारलं, "आन् मला यायचंच नसंल तर किती?" साहेबांनी ते विनोद म्हणून घेतलं नाही. तीन, असं यादीत लिहिलं.

प्रत्येक वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत, प्रत्येक पिशवीवर क्रमांक, आणि प्रत्येक पिशवीत ओलावा शोषणाऱ्या दाण्यांची एकेक पुडी, जशी आम्ही यंत्राच्या भागांत टाकायचो. चिवड्यातही टाकली. माझ्या बायकोनं चवीला म्हणून मूठभर घेतला आणि पुडीसकट तोंडात टाकला. ती थुंकून ओरडली, तेव्हा साहेब शांतपणे म्हणाले, "पण कुरकुरीत आहे की नाही?"

एप्रिलमध्ये त्यांनी लोकरीचे आतले कपडे आणले आणि 'अंगाला सवय' म्हणून शर्टाखाली घालून कंपनीच्या बसमध्ये बसू लागले. पैठण रस्त्यावर ऊन कसं असतं ते सांगायला नको. तिसऱ्या दिवशी साहेब गोडाऊनमध्येच एका रिकाम्या खोक्यावर कलंडले. आम्ही त्यांना कारखान्याच्या दवाखान्यात नेलं. कंपाउंडर शर्ट काढतो तर आत बाही, बाहीच्या आत अजून एक बाही. तो म्हणाला, "साहेब, किती आत जायचं?" साहेबांनी डोळे उघडून सांगितलं, "अजून एक थर आहे. जपून. घडीवर काढा." अंगभर घामोळ्या उठल्या होत्या, त्या भूतानपर्यंत टिकल्या.

काकूंचं सामानही अर्थातच तेच भरणार होते. वजन दोन्ही बॅगांत सारखं पडावं म्हणून काकूंचे अर्धे कपडे त्यांच्या बॅगेत आणि त्यांचे अर्धे काकूंच्या बॅगेत, एकाआड एक थर. वरून पट्टी आवळून, प्लॅस्टिकचा ताव गुंडाळून, बाण काढून लिहिलं: ही बाजू वर. काकूंनी फक्त एक हट्ट धरला, खांद्याला लावायच्या जुन्या शबनमचा. साहेब म्हणाले, ती यादीत नाही. काकू म्हणाल्या, "मग मी बी यादीत नाय." शबनम आली.

सहलीच्या आधी त्या गृहस्थानं सगळ्यांना बोलावून दोनदा बजावलं होतं, की पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, तेही मूळ, जवळ ठेवा. त्याशिवाय परवाना मिळणार नाही. साहेब तेव्हा फुकट मिळालेल्या टोपीची शिवण उसवून बघत होते. घरी आल्यावर त्यांनी फर्मान काढलं: चौघांची ओळखपत्रं आणा, रंगीत नकला काढतो, लॅमिनेट करतो, अस्सल कपाटात ठेवतो.

मी चाचरत म्हणालो, "साहेब, पण तो मूळ म्हणाला होता."

"तो बोलायला बोलतो. माझ्या वडिलांनी हयातभर नकलाच दिल्या लोकांना. कुणाचं काम अडलं?"

मी नकलेपुरती आमची दोघांची कार्डं दिली आणि संध्याकाळी निमित्त काढून परत मागून घेतली. म्हटलं, बँकेत लागतायत. मी तेव्हा जोर लावून सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मला सांगायचं नव्हतं. पुण्याची ती पहार अजून माझ्या खांद्यात होती, आणि मनाच्या तळाशी कुठंतरी वाटत होतं, की एकदा होऊन जाऊ दे.

मनमाडहून हावडा, तिथून गाडी बदलून हासीमारा, तिथून जीपनं जयगाव. जयगाव आपल्या हद्दीत, आणि एक कमान ओलांडली की भूतानचं फुंटशोलिंग. अलीकडं रिक्षांचे भोंगे आणि केळीच्या सालींचा ढीग, पलीकडं माणसं रांगेत रस्ता ओलांडणारी. तेव्हा फुंटशोलिंगपर्यंत जायला कागद लागत नसे. पुढं डोंगरात जायचं तर तिथल्या कचेरीत परवाना काढावा लागे. कचेरीत गुडघ्यापर्यंतचा झगा घातलेला एक तरुण अधिकारी बसला होता. एकेकाचं कार्ड बघून शिक्का मारत होता. साहेबांनी आपली नक्कल पुढं केली.

"ओरिजिनल?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"उसीकी कलर कॉपी है. लॅमिनेटेड."

अधिकाऱ्यानं ती उलटसुलट केली, उजेडात धरली. "बहुत अच्छी कॉपी है," तो अगदी मनापासून म्हणाला. "ओरिजिनल?"

साहेबांनी आधारची नक्कल काढली. लायसनची काढली. पॅनची, कंपनीच्या ओळखपत्राची, एवढंच काय रक्तगटाच्या चिठ्ठीचीही काढली. टेबलावर पत्त्यांचा डाव मांडल्यासारखं झालं. तो अधिकारी एकेक बघून कौतुकानं मान हलवायचा आणि परत द्यायचा. आपल्या सरकारच्या तिथल्या कचेरीतून तात्पुरता कागद मिळतो, असं सहलवाल्यानं सांगितलं. पण त्यालाही एखादं मूळ ओळखपत्र लागतंच. घरून कुणाकडून मागवावं, तर कपाटाची चावी साहेबांच्या कमरेला. ती तेवढी अस्सल होती.

साहेब वळून काकूंना म्हणाले, "चला. आपल्या दोघांचं सारखंच आहे. ह्यांना जाऊ द्या."

काकूंनी शबनममध्ये हात घातला. भूक लागली तर म्हणून ठेवलेली शेंगदाण्याची पुडी बाजूला केली आणि मतदार ओळखपत्र काढून अधिकाऱ्यासमोर ठेवलं. अस्सल. कोपरे मुडपलेलं, हळदीचं बोट लागलेलं.

"मी चावी दिली तेव्हा तू कपाटात ठेवलं म्हणालीस," साहेब म्हणाले.

"म्हणले."

"मग?"

"ठेवलं नव्हतं."

शिक्का पडला. आम्ही सगळे बाहेर फुटपाथवर आलो. गाडी उभी होती, सहलवाला घड्याळ बघत होता. साहेबांनी दोन्ही बॅगा आपल्याजवळ ओढल्या. मला वाटलं, आता काकू म्हणतील व्हय, आणि दोघं माघारी फिरतील. एकतीस वर्षं तेच होत आलं होतं.

"मी जाते," काकू म्हणाल्या.

"जातेस म्हणजे? एकटी?"

"एकटी कुठं? ही हाय की." त्यांनी माझ्या बायकोच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुझे कपडे दोन्ही बॅगांत आहेत. उघडायला दीड तास लागेल. परत बांधायला..."

"ऱ्हाऊ द्या बांधलेलं."

"तिथं थंडी असते. तुला माहीत नाही काय काय लागतं!" साहेबांचा आवाज चढला. फुटपाथवरची चार माणसं थांबली. "तुला काहीच माहीत नाही! दोरी माझ्याकडं, औषधं माझ्याकडं, शिट्टी..."

काकूंनी शबनम खांद्यावर सारखी केली. "आवो, म्हाबळेश्वरला बी मला माहीत नव्हतं आन् काश्मीरला बी. आता गुडघे हायेत तवर बघू द्या." आणि त्या गाडीत चढून बसल्या. खिडकीशी नाही, आतल्या बाजूला. गाडी सुटेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

मागं वळून बघितलं ते मीच. साहेब दोन बॅगांच्या मध्ये उभे होते. बॅगांवरचे बाण आकाशाकडं होते.

गाडी डोंगराला लागली. मग वळणं सुरू झाली, ढग खिडकीतून आत यायला लागले आणि काकूंनी माझ्या बायकोला विचारलं, "इथून फोन लागतो का गं?"

"नाही काकू. आपली सिमकार्डं चालत नाहीत."

"बरं हाय," त्या म्हणाल्या आणि शेंगदाण्याची पुडी फोडून सगळ्या गाडीला वाटली.

सहा दिवस काकूंनी माझ्या बायकोचे सलवार-कमीज घातले. आयुष्यात पहिल्यांदा. पहिल्या दिवशी खोलीतून बाहेर यायला पाऊण तास लावला, दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं. तिथं मिरच्यांची चीजमधली भाजी करतात. आमच्यातल्या निम्म्या लोकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. काकू दोनदा घेऊन म्हणाल्या, "हा तर आपला ठेचाच की. नुसतं दूध सांडलंय त्यात." कड्यावरच्या मठाची चढण आली तेव्हा सहलवाल्यानं त्यांच्यासाठी घोडा ठरवला. त्यांनी घोड्याकडं बघितलं, त्याच्या मानेवरून हात फिरवला आणि चालायला लागल्या. मी दोन ठिकाणी बसलो. त्या थांबत थांबत, पण न बसता वर गेल्या. मठासमोरच्या खडकावर शबनम डोक्याखाली घेऊन पंधरा मिनिटं गाढ झोपल्या.

उठल्यावर माझ्या बायकोनं जरा हळवं होऊन म्हटलं, "काकू, साहेब असते तर..."

"तर अजून खालीच असतो," काकू म्हणाल्या.

परत आलो तेव्हा साहेब जयगावच्या लॉजच्या दारात उभे होते. जयगाव डोंगराच्या पायथ्याशी, उकाडा आपल्यासारखाच. बॅगेत सगळं लोकरीचं. सहा दिवस ते एकाच बुशशर्टावर होते. लॉजची सामानाची खोली त्यांनी रिकामी करून, क्रमांक घालून परत लावली होती, आणि मालकाला आता स्वतःच्या चादरी सापडत नव्हत्या. रोज सकाळी कमान ओलांडून ते फुंटशोलिंगला जायचे, तिथल्या बागेतल्या छोट्या मंदिराभोवती म्हाताऱ्या बायकांबरोबर फेऱ्या मारायचे आणि संध्याकाळी परत यायचे. हे लॉजच्या मालकानं सांगितलं. साहेबांनी स्वतः काकूंना एवढंच विचारलं, "थंडी होती?"

"होती."

"मग काय घातलं?"

"हिचा स्वेटर."

साहेब खाली बघत म्हणाले, "त्याच्या बाह्या आखूड आहेत." येताना अख्ख्या प्रवासात मी त्यांच्याशी नजर मिळवली नाही. मनासारखं झालं होतं, आणि ते मला पचत नव्हतं.

पुंडलिकनगरात बातमी एवढीच पसरली, की साहेब भूतानला जाऊन आले. महिनाभरानं ज्येष्ठ नागरिक मंडळानं त्यांचं भाषण ठेवलं. साहेब खाली आले. "खालचे, तुमचे फोटो लागतील." मी दिले. कार्यक्रमाला पन्नास-साठ माणसं होती, काकू पहिल्या रांगेत. तास-सव्वा तास साहेब सामान कसं बांधावं ह्यावर बोलले. लोकांनी वह्यांत उतरवून घेतलं. मग पडद्यावर मठ आला. मला वाटलं, आता ते थांबतील, किंवा निदान काकूंना बोलवतील.

"हा कड्यावरचा मठ," साहेब म्हणाले. "चढायला अडीच तास. माणसानं न बसता चढावं. बसलं की पाय जड होतात."

मागून कुणीतरी विचारलं, "साहेब, तुम्ही फोटोत कुठं दिसत नाही?"

"मग फोटो कोण काढणार?" साहेब म्हणाले, आणि सभागृह हसलं. फोटो मी काढले होते. मीही हसलो. घर त्यांचं होतं, नोकरी त्यांच्या हाताखाली होती, आणि उभं राहून खरं बोलायची माझी तयारी सहलीआधीही नव्हती, तेव्हाही नव्हती.

भाषण संपल्यावर चहा होता. साहेबांभोवती गर्दी. मंडळाच्या एक बाई काकूंपाशी आल्या. "तुम्ही पण गेला होतात ना हो? तुम्हाला काय आवडलं तिथलं?"

काकूंनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "लई शांत देश हाय," त्या म्हणाल्या. "सहा दिवस मला कुणी कायसुदीक सांगितलं नाय."

साहेबांनी ते ऐकलं. गर्दीतून मान इकडं वळवून त्यांनी समाधानानं दुजोरा दिला.

"हो, तो मुद्दा माझ्या भाषणात राहिलाच. आवाजाचं प्रदूषण अजिबात नाही."